आठवड्याचे एकच कात्रण

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो ह्यांनी केलेला आहे. आठवडाभराच्या वर्तमानपत्रांतून एकच कात्रण कापायचे, रविवारी संध्याकाळी चहा झाला की ते वहीत चिकटवायचे, आणि त्याखाली त्या आठवड्यात घरात काय घडले ते लिहायचे. हे २०११ साली पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून हा क्रम चालू आहे. मी शाळेतून निवृत्त झाले ती २०१५ साली, त्यामुळे पहिल्या चार वर्षांचे लेखन ह्यांच्याच हातचे आहे आणि त्यात घरापेक्षा कोयनेच्या पाणीसाठ्याची नोंद अधिक आहे. एका पानावर तर मुलाच्या साखरपुड्याची हकिकत दीड ओळीत उरकून त्याखाली कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळची पाणीपातळी फूट आणि इंचांत लिहिलेली आहे. हे पान मी सूनबाईला अजून दाखवलेले नाही.

कात्रण एकच का, असे मी सुरुवातीला विचारले होते. ह्यांचे म्हणणे असे की दोन लावायची मुभा ठेवली की चार लागतात, आणि चार लागली की ती वही राहत नाही, रद्दी होते. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. रद्दीला आणि कागदाला पाण्याचे भय काय असते ते आम्हांला वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी इर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, जिथे धोक्याची पातळीच ४५ फुटांची आहे, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटात राहिलेल्या दोन वह्या भिजल्या आणि ह्यांच्या निळ्या शाईच्या नोंदी पानभर पसरल्या. तेव्हापासून वह्या वरच्या मजल्यावर, गाद्यांच्या शेजारी असतात, आणि लेखन बॉलपेनने होते.

२ ते ८ नोव्हेंबर २०२५ हा आठवडा मात्र असा उगवला की एका कात्रणाचा नियम आमच्यात भांडणाला कारण झाला. भांडण हा शब्द ह्यांना आवडणार नाही. त्यांच्या मते तो विचारविनिमय होता. पण आज रविवारी दुपारी जेवताना ताटावर दहा मिनिटे कोणी कोणाशी बोलले नाही, त्याला मी भांडणच म्हणते.

सुरुवात गेल्या रविवारपासूनच झाली. त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती, घरात दोघांनाही उपवास, आणि दुपारी महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. नव्या मुंबईत पाऊस आला आणि तीनचा सामना पाचला सुरू झाला. आमचे उपवासाचे वेळापत्रक सामन्याच्या वेळापत्रकाशी बांधलेले असल्यामुळे वरीचा भात आणि दाण्याची आमटी दुपारीच झाली होती, आणि रात्री फक्त दूध आणि दोन केळी. पण आपला डाव ५० षटकांत ७ बाद २९८ वर संपला, दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ड एका बाजूने खेळतच राहिली, आणि घड्याळ अकराच्या पुढे गेले तसे ह्यांना भूक लागू लागली. तिचे शतक झाले, १०१ वर तिचा झेल उडाला, अमनजोत कौरच्या हातातून तो निसटता निसटता तिने पकडला, आणि त्या दोन-तीन क्षणांत ह्यांनी माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडीचा वळ उठला. दीप्ती शर्माने पाचवा बळी घेतला, हरमनप्रीतने मागे पळत जाऊन झेल टिपला, आफ्रिका २४६ वर सर्वबाद, आपण ५२ धावांनी जिंकलो. बाहेर लगेच फटाके सुरू झाले. दिवाळीत राखून ठेवलेले असावेत.

तेव्हा मध्यरात्र उलटत होती. हे उठून स्वयंपाकघरात गेले आणि शेंगदाण्याच्या पोळीचा डबा उघडण्याचा आवाज आला. मी म्हटले, "अहो, एकादशी आहे." हे म्हणाले, "बारा वाजून गेले. तारीख बदलली." मी म्हटले, "तारीख बदलली असेल, आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो." त्यावर ह्यांनी डबा बंद केला, पण झाकण लावण्याआधी एक तुकडा तोंडात गेला होता, हे मला आवाजावरून कळले. भारताच्या महिलांनी २००५ साली आणि २०१७ साली अंतिम सामना हरलेला आहे, आणि आज तो जिंकलेला आहे, तेव्हा विठोबा एवढे समजून घेईल, असे त्यांचे स्पष्टीकरण.

आमच्या गावाला त्या विजयात जरा अधिक वाटा असल्यासारखे वाटते, कारण स्मृती मानधना सांगलीत वाढली आणि इथेच शिकली. अंतिम सामन्यात तिने ४५ धावा केल्या, शफाली वर्माबरोबर १०४ धावांची सलामी दिली, आणि संपूर्ण स्पर्धेत ४३४ धावा काढल्या. २०१३ साली महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून तिने गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या होत्या, ती बातमी आमच्या वहीत नाही. त्या आठवड्यात ह्यांनी दुसरेच काहीतरी लावले आहे. सोमवारी सकाळी दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूपर्यंत जो तो "आपली स्मृती" म्हणत होता, आणि मीही म्हणत होते. पण दुपारी भांडी आवरताना माझ्या मनात एक जुनी गोष्ट आली आणि ती आठवडाभर गेली नाही.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे दहावीची वर्गशिक्षिका होते. १९९० च्या दशकात एका तुकडीत एक मुलगी होती, खो-खो खेळायची. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. पाठलाग करताना ती खांबाला वळसा घालायची तो इतका झटकन, की पाहणाऱ्याला ती तिथे होती हेच कळायचे नाही. जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली आणि सरावासाठी तिला रोज शेवटचे दोन तास सोडावे असे क्रीडाशिक्षकांचे म्हणणे होते. तिचे वडील मला भेटायला आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं." मी सांगितले की हे वर्ष दहावीचे आहे, खेळ पुढेही होईल. तिने खेळ बंद केला, तिला ६१ टक्के गुण मिळाले, पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले. मी चूक केली असे तेव्हा कोणी म्हटले नाही. उलट तिचे वडील पेढे घेऊन आले होते. ही गोष्ट ह्यांना ठाऊक आहे. सोमवारी मी ती पुन्हा सांगू लागले तेव्हा ह्यांनी, "दोन वाजता बँकेत जायचंय ना?" एवढेच म्हटले, आणि ते बरे केले.

बँकेत जायचे होते ते हयातीच्या दाखल्यासाठी. नोव्हेंबर महिना आम्हां पेन्शनर मंडळींच्या आयुष्यात वर्षातून एकदा जिवंत ठरण्याचा महिना आहे. आमच्या बँकेत कोषागाराकडून निवृत्तिवेतनधारकांची यादी येते, आपल्या नावासमोर सही करायची, की पुढचे वर्षभर पेन्शन निर्वेध. ह्यांचे नाव यादीच्या तिसऱ्या पानावर सापडले, ह्यांनी चष्मा बदलून, झरझर सही केली आणि ते जिवंत झाले. माझे नाव मात्र कोणत्याच पानावर नव्हते. काउंटरवरचा मुलगा भला होता, त्याने दोनदा यादी चाळली, मग संगणकात पाहिले, मग आत जाऊन आला आणि म्हणाला, "आजी, तुमचा डिजिटल करून टाकू."

जीवन प्रमाण नावाची ही सोय २०१४ पासून आहे. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर दाखला तयार होतो आणि कागद कुठे न्यावा लागत नाही. ही सोय उत्तम आहे, यात शंका नाही; अडचण एवढीच झाली की यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी, मग मधले बोट. प्रत्येक वेळी तांबडा दिवा. बोट पुसून पाहिले, केसांवरून फिरवून पाहिले, मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी व्हॅसलीन लावायचा सल्ला दिला. एकतीस वर्षे खडू धरून आणि त्याहून अधिक वर्षे भांडी घासून बोटांवरच्या रेषा उरल्या नसाव्यात. ह्यांनी तेवढ्यात त्या मुलाला विचारले, "म्हणजे यंत्राच्या हिशोबी ह्या आता आहेत की नाहीत?" रांगेतले सगळे हसले. मला हसू आले नाही, पण घरी आल्यावर आले.

शेवटी चेहऱ्यावरून झाले. २०२१ पासून तीही सोय आहे. मोबाइल तोंडासमोर धरायचा, पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा आणायचा आणि सांगितले की डोळ्यांची उघडझाप करायची. मी डोळे मिटले ते नीट मिटले, जसे फोटोत चुकून मिटतात तसे नाही. हिरवी खूण आली. त्या मुलाने छापील प्रत हातात दिली आणि म्हणाला, "आजी, झालात." या दोन शब्दांत त्याला जे म्हणायचे होते त्याहून बरेच अधिक होते.

रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, आठवा वेतन आयोग. २८ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने आयोगाच्या कार्यकक्षेला मंजुरी दिली, सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष आहेत आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. रांगेतल्या एका सेवानिवृत्त ग्रामसेवकांनी तिथल्या तिथे नवा मूळ पगार किती होईल याचे तीन वेगवेगळे आकडे काढून दाखवले. ह्यांनी त्यांना शांतपणे ऐकून घेतले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले की सातवा आयोग केंद्रात २०१६ पासून लागू झाला, आपल्या राज्याने तो प्रत्यक्षात दिला २०१९ च्या जानेवारीत, आणि थकबाकी पाच हप्त्यांत. तेव्हा १८ महिने अहवालाचे, मग केंद्राचा निर्णय, मग राज्याचा विचार, मग हप्ते. हा हिशोब मांडताना ह्यांच्या आवाजात कटुता नसते, धरणातून सोडलेले पाणी कालव्याच्या शेवटच्या चारीला कधी पोचेल हे सांगावे तसे ते सांगतात. त्यांचा खरा डोळा वेगळ्याच तारखेवर आहे. निवृत्त होताना त्यांनी मुलाच्या शिक्षणाचे कर्ज फेडायला पेन्शनचा काही भाग विकला होता; विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे पुढच्या वर्षी. न्यायमूर्ती काय देतील ते देवो, आपले विकलेले आपल्याला परत मिळू दे, असे ह्यांचे धोरण आहे, आणि म्हणून वेतन आयोगाचे कात्रण लावायला त्यांनीच नकार दिला. "जे अजून आलं नाही त्याची नोंद नको," हे त्यांच्या खात्याचे वळण.

मंगळवारी तुळशीचे लग्न लावले. मुलगा, सूनबाई आणि नात दिवाळीनंतर पुण्याला गेल्यामुळे वऱ्हाडी मोजकेच होते: आम्ही दोघे, भाडेकरूंची सौभाग्यवती आणि शेजारच्या वाड्यातली तीन मुले, जी मंगलाष्टके होईपर्यंत चुरमुऱ्यांच्या परातीवरची नजर काढत नव्हती. बाळकृष्ण आणि तुळस यांच्यामध्ये अंतरपाट म्हणून मी माझा जुना इरकली खण धरते. आवळे, चिंच, बोरे हरभट रोडवर मिळाली. उसाची जोडी ५० रुपयांना पडली. त्यावर ह्यांचे गणित सुरू झाले: या हंगामात उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, जिला सगळे एफआरपी म्हणतात, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते, आणि आपण दोन कांड्यांना ५० मोजतो; म्हणजे तुळशीच्या लग्नाचा ऊस कारखान्याला घातलेल्या उसापेक्षा किती पट महाग. मी म्हटले, अक्षता टाका. त्याच दिवशी राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या. सांगलीला महापालिका असल्यामुळे आम्ही त्यातून सुटलो, पण तासगावात माझे माहेर आहे आणि तिथे नगरपरिषद आहे, म्हणजे भाच्याला आता महिनाभर जेवायला घरी यायला वेळ होणार नाही.

बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा आणि मराठी रंगभूमी दिन एकाच दिवशी आले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ हा खेळ सांगलीत केला, आणि मराठी नाटक तिथून सुरू झाले असे आपण मानतो. दरवर्षी या दिवशी इथे भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. मी शिकवत होते तेव्हा दर वर्षी मुलांना तारीख पाठ करायला लावायचे; पण मला स्वतःला खरी उत्सुकता तारखेची नाही, त्या रात्रीच्या दिव्यांची आहे. वीज नव्हती, तेव्हा सीतेच्या तोंडावर उजेड कशाचा पडत असेल? समईचा, पलित्याचा की हिलालाचा? आणि त्या उजेडात मागच्या रांगेतल्या माणसाला काय दिसत असेल? हा विचार मी करत होते तो नेमका त्रिपूर लावताना, साडेसातशे वातींचा जुडगा तुपात भिजवत असताना, आणि त्या विचाराच्या भरात तूप खाली सांडू नये म्हणून देवघरासमोर हाताला लागले ते वर्तमानपत्र मी पसरले.

ते मंगळवारचे होते. त्यात विश्वचषकाचा पूर्ण धावफलक होता आणि करंडक हातात घेतलेल्या संघाचे मोठे छायाचित्र होते. ह्यांनी ते कापायचे म्हणून घडी घालून वेगळे ठेवले होते. ह्यांनी ते पाहिले तेव्हा त्रिपूर पेटला होता, ज्योत वीतभर उंच होती, आणि तुपाचे दोन ओघळ छायाचित्राच्या डाव्या बाजूने खाली उतरले होते. ह्यांनी काही म्हटले नाही. हे काही म्हणत नाहीत तेव्हा समजावे की म्हणायचे पुष्कळ आहे.

शुक्रवारी सकाळी माझ्या भावाचा, दादाचा, तासगावहून फोन आला. त्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. यंदा त्याच्या बोलण्यात पावसाखेरीज दुसरा विषय नाही, आणि त्याला कारण आहे. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत येऊन पोचला, इतक्या लवकर तो मुंबईत गेल्या पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता. एप्रिलमध्ये खरडछाटणी झाल्यावर नव्या काडीला जे कडक ऊन लागते, ज्या उन्हात काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाची घडण होते, ते ऊन मे महिन्यात मिळालेच नाही. म्हणजे फळछाटणी होण्याच्या आधीच निम्मे पीक कागदावरून उतरले होते. फळछाटणीनंतर जे घड निघाले त्यांतले काही जिरले, म्हणजे घडाचा नुसता बाळीसारखा तणावा झाला, आणि जे उरले त्यांच्यावर ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा पाऊस. दादा सांगत होता, रात्री अकराला पाऊस थांबला की ट्रॅक्टर काढायचा, डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून फवारायचे, पहाटे पुन्हा सर आली की ते औषध धुऊन गेले, पुन्हा फवारायचे. एका आठवड्यात सात फवारण्या झाल्या. "पानं ओली असली की झोप लागत नाही बघ," असे तो म्हणाला. वहिनी मागून ओरडून सांगत होती की त्याला चार दिवस जेवण जात नाही, हे पण सांगा.

फोन ठेवल्यावर मी ठरवून टाकले की या आठवड्याचे कात्रण अवकाळी पावसाचे. मंगळवारच्याच अंकात आतल्या पानावर तासगाव आणि मिरज भागातल्या बागांच्या नुकसानीचा दोन स्तंभांचा मजकूर होता, आणि सुदैवाने ते पान देवघरासमोर गेले नव्हते. विश्वचषक आपल्याशिवाय कोट्यवधी लोक लक्षात ठेवतील, दादाची बाग कोण ठेवणार, असा माझा मुद्दा होता. ह्यांचा मुद्दा निराळा होता. ते वर गेले, गाद्या सरकवल्या आणि दोन जुन्या वह्या घेऊन खाली आले. २०१९ ची वही उघडली, महापुरानंतर नवी घेतलेली: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेले कात्रण, परतीच्या आणि अवकाळी पावसाने द्राक्षबागांचे नुकसान. २०२१ ची उघडली: डिसेंबरचा पहिला आठवडा, अवकाळी पाऊस, द्राक्षे. दोन्ही कात्रणांत चिखलात उभ्या शेतकऱ्याचे जवळजवळ सारखेच छायाचित्र, आणि दोन्हींच्या खाली माझ्याच अक्षरात, "दादाचा फोन आला." एका ठिकाणी पंचनामे होणार असे मी लिहिले आहे, ते झाले का, याची नोंद नाही.

"तीच बातमी तिसऱ्यांदा लावणार?" ह्यांनी विचारले.

मी म्हटले, बातमी तीच असेल, नुकसान तेच नाही. ज्या माणसाचे पीक तिसऱ्यांदा जाते त्याला ते तिसऱ्यांदा जात नाही, दर वेळी पहिल्यांदाच जाते. वर्तमानपत्राला नवे हवे असते हे मला कळते, पण आपल्या वहीला नवे कशाला हवे? दर नोव्हेंबरला आपण बँकेत जाऊन जिवंत होतो, दर वर्षी तुळशीचे लग्न लावतो, दर वर्षी मी ५ नोव्हेंबर १८४३ म्हणते. आपल्या घरात पुन्हा पुन्हा घडते तेच तर आहे. हे सगळे मी जरा चढ्या आवाजात बोलले असावे, कारण शेजारची मुले खिडकीतून डोकावली.

आज दुपारच्या त्या दहा मिनिटांच्या अबोल्यानंतर हे आमटी वाढून घेताना म्हणाले, "दादाला विचार." मी लगेच फोन लावला. दादा बागेतच होता. मी त्याला म्हटले की तुमच्याकडच्या पावसाची बातमी वहीत लावतेय. तो थोडा वेळ गप्प राहिला, मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज येत होता, आणि मग म्हणाला, "ताई, ते नको लावू. ते आम्हांला रोजच बघायला आहे. ती आपली पोरगी जिंकली ना, तिचं लाव. परवा रात्री फवारत होतो तरी मोबाइल कानाला लावून ऐकत होतो." परवा नव्हे, मागच्या रविवारी, असे मी त्याला सांगितले. त्याला सध्या वार कळत नाहीत.

संध्याकाळी चहा झाल्यावर ह्यांनी पट्टी आणि ब्लेड घेऊन ते तुपकट छायाचित्र कापले. तूप कागदात इतके मुरले आहे की चौकटीच्या डाव्या कडेला पाठच्या पानावरची जाहिरात उमटून दिसते आणि दोन खेळाडूंच्या मधोमध उलट्या अक्षरांत सोन्याचा भाव वाचता येतो. गोंद तिथे धरत नाही. ह्यांनी त्या बाजूला चिकटपट्टी लावली. खाली पेन्सिलीने त्यांनी धावफलक लिहिला, २९८ आणि २४६, आणि मग पाणीपातळी लिहायची तशी रेघ ओढून ५२ धावांचा फरक. नंतर वही माझ्याकडे सरकवली. मी दाखल्याचे लिहिले, तुळशीचे लिहिले, उसाच्या जोडीचे लिहिले, दादाचा फोन आला असे लिहिले. पान संपत आले तेव्हा शेवटी दोन ओळींची जागा उरली होती. तिथे मी त्या खो-खो खेळणाऱ्या मुलीचे नाव लिहिले, पूर्ण, हजेरीपटावर होते तसे, आडनाव आधी.

हे शेजारी बसून पाहत होते. त्यांनी ते वाचले आणि चिकटपट्टीचे रीळ ड्रॉवरमध्ये ठेवायला उठले.